उणे दोन

४ मार्च

फाटक अजून बंदच आहे. खाली उतरणारा रस्ता शत्रूच्या हाती गेल्यापासून या पठारावरून ना कोणी खाली जात, ना कोणी वर येत. धान्य, पेट्रोल, काडेपेटीसुद्धा विमानातून पॅराशूटनं टाकतात. एवढं मोठं आभाळ डोक्यावर, पण कुंपणापाशी गेलं की पहारेकरी म्हणतो, "बाई, मागे फिरा." रोज मागे फिरते.

क्वार्टरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: सासूबाई, भाऊजी आणि मी. हे गेल्या वर्षी पहिल्याच बॉम्बहल्ल्यात गेले. तेव्हापासून सासूबाईंचे डोळे भाऊजींच्या बुटांवर असतात. बूट दाराशी दिसले की त्यांचा जीव भांड्यात पडतो. भाऊजी लढाऊ विमान चालवतात. मी त्याच विमानांची गेजं दुरुस्त करते. माहेरी घड्याळांचं दुकान होतं, त्यामुळे बारीक स्क्रूंशी माझं बालपणापासून जमतं. माणसांशी तेवढं जमत नाही, असं सासूबाई म्हणतात, आणि ते खोटं नाही.

आज भाऊजी माझ्या गेज-दुरुस्तीच्या खोलीत आले. उगाच आलो असं म्हणत स्टुलावर बसले आणि बूस्टच्या गेजबद्दल विचारायला लागले. म्हटलं, इतकी वर्षं त्याच्याकडे बघत विमान उडवता आणि आता विचारता? हसले. म्हणाले, "बघतो रोज, पण समजत नाही. तुमच्यासारखंच."

मग मी सांगत सुटले. हा विषय निघाला की मला थांबता येत नाही. वर हवा विरळ होते, इंजिनाला श्वास पुरत नाही, म्हणून सुपरचार्जरचा पंखा हवा कोंबून आत ढकलतो. किती कोंबली ते बूस्टचं गेज पौंडांत दाखवतं. बारा पौंड ही आमच्या इंजिनांची हद्द. तेवढा दाब आला की नियामक, म्हणजे दाब धरून ठेवणारं यंत्र, आपोआप झडप आवळतं. फिटर ते गेजाच्या काट्याकडे बघूनच बारावर लावतो. आणि ज्यात सगळे फसतात ती गोष्ट म्हणजे शून्य. या गेजावरचं शून्य म्हणजे 'दाब नाही' असं नव्हे. शून्य म्हणजे समुद्रकाठी आपल्याभोवती असते तितकी हवा. आपण उंच पठारावर राहतो, इथली हवा मुळातच दोन पौंडांनी हलकी. म्हणून इंजिन बंद असताना इथे काटा उणे दोनवर दिसायला हवा. शून्यावर दिसला तर गेज खोटं बोलतंय.

"आणि कुणी तो शून्यावर आणून ठेवला तर?"

तर दोन पौंड सगळीकडेच जास्त दाखवेल, मी म्हटलं. प्रत्यक्षात दहा असतील आणि गेज बारा सांगेल. मागचा स्क्रू कसा फिरतो तेही दाखवलं. विद्यार्थी असा मन लावून ऐकणारा मिळाला की माझी छाती फुगते. इंजिन फिटर, ज्याला सगळे पानाच म्हणतात, तो तर रोज माझ्याशी वाद घालतो. त्याचं म्हणणं, बंद इंजिनात दाब कसला, काटा शून्यावरच हवा, ही सगळी गेजं बिघडलेली आहेत. त्याला समजावता समजावता माझं तोंड दुखलं. भाऊजींना एका दमात कळलं.

१५ मार्च

पाण्याच्या नळावर आज एकीनं भाऊजींना 'शेपूट' म्हटलं. मी मागेच उभी आहे हे तिला ठाऊक होतं. चढाईत सगळी विमानं वर पोहोचतात, भाऊजी मागे राहतात, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं म्हणे. मी म्हटलं, तुझा नवरा कँटीनमधून बटाटे सोलताना आभाळ बघतो, त्याला खालून सगळेच मागे दिसत असतील. ती बादली उचलून निघाली. पण माझ्या कानात तो शब्द राहिला तो राहिलाच.

घरी येऊन भाऊजींना विचारलं नाही. कसं विचारणार? ते सासूबाईंच्या चष्म्याची काडी तारेनं बांधत बसले होते. सासूबाई हल्ली बऱ्या दिसतात. आज तर गुणगुणत होत्या.

२१ मार्च

बुवा परत आले नाहीत.

बुवा म्हणजे भाऊजींच्या जोडीचे पुढचे वैमानिक. टक्कल आणि सावकाश बोलणं, म्हणून बुवा. त्यांच्या पाठीशी राहायचं, मागून येणाऱ्याला अडवायचं, हे भाऊजींचं काम. आज बुवा वर पोहोचले तेव्हा पाठीशी कोणी नव्हतं. भाऊजी खालीच होते, चढत होते.

संध्याकाळी भाऊजी आले, बूट न काढताच खाटेवर बसले. सासूबाईंनी स्वतः खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. ते म्हणाले, "इंजिनाची लिव्हर पूर्ण पुढे होती, आई. अगदी शेवटपर्यंत पुढे होती." त्या म्हणाल्या, असेलच रे. भाऊजींनी दोनदा तेच म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

चौकशी लागणार. भीतीनं हात आखडला म्हणून उड्डाणावरून काढतील, पट्ट्या उतरवतील आणि याच कुंपणात, याच लोकांत त्यांना पोती उचलायला लावतील. दुसरीकडे पाठवायला रस्ताच नाही. 'शेपूट' म्हणणाऱ्या तोंडांसमोरून रोज जायचं. मला राग कुणाचा येतोय तेच समजत नाही.

२३ मार्च

आज मी अक्षरशः पळत घरी आले.

सकाळी इंजिनसाहेबांनी भाऊजींच्या विमानातलं बूस्टचं गेज काढून माझ्याकडे पाठवलं. चौकशीसाठी तपासून द्या म्हणाले. त्यांचा चेहरा असा की तपासायचं काही नाही, नुसता रिवाज पुरा करायचा आहे. गेज टेबलावर ठेवलं आणि मी बघतच राहिले. काटा शून्यावर होता. जोडलेलं काहीच नाही, साधी खोलीतली हवा, आणि काटा शून्यावर. बाकी सगळी गेजं माझ्यासमोर उणे दोन दाखवत ओळीनं बसलेली.

दाब मोजायच्या पाऱ्याच्या नळीला जोडून खालपासून वरपर्यंत तपासलं. सगळीकडे दोन पौंड जास्त. म्हणजे भाऊजी बारा समजत होते तेव्हा इंजिनाला दहाच मिळत होते. विमान चढणार कसं? हात आखडलेला नव्हताच, इंजिनाचा गळा आवळलेला होता. मला रडू आलं आणि हसूही. पान्याचा असा संताप आला की समोर असता तर त्याच्याच पान्यानं मारला असता. शून्यावर हवा, शून्यावर हवा म्हणत शेवटी स्वतःच स्क्रू फिरवून बसला असणार.

घरी दोघं जेवत होते. मी दारातूनच सांगितलं. भाऊजी सुटले, गेज खोटं होतं, उद्या साहेबांना लिहून देते.

भाऊजींनी घास ताटात परत ठेवला. हात धुतले आणि मागच्या दारानं बाहेर जाऊन उभे राहिले. सासूबाई माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी हातातलं काही फोडलंय. मला वाटलं, इतके दिवस अपमान गिळला, आता एकदम सुटका झाल्यावर माणसाला बोलता येत नसेल. पण कोणीतरी 'बरं झालं' म्हणायला काय हरकत होती?

२४ मार्च

अहवाल दिला नाही.

सकाळी डबा देताना सासूबाई म्हणाल्या, "तुला ते सापडलंच नसतं तर काय झालं असतं?" मी म्हटलं, भाऊजींना उड्डाणावरून काढलं असतं. "मग?" मग काय, कायमचा डाग लागला असता. त्या म्हणाल्या, "डाग लागलेला मुलगा घरी जेवायला येतो."

मी डबा उचलून कामावर निघाले.

दिवसभर गेज पुन्हा पुन्हा तपासत बसले. नळीतला पारा स्वच्छ आहे का, जोडणी गळते का, खोली गार आहे म्हणून फरक पडतो का. प्रत्येक वेळी दोन पौंड. हे सगळं मी कामाच्या काटेकोरपणासाठी करते आहे असं इंजिनसाहेबांना सांगितलं आणि मलाही ते खरंच वाटत होतं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

अहवाल दिला तर भाऊजी निर्दोष ठरून परत आभाळात जातील. नाही दिला तर कुंपणाच्या आत मान खाली घालून जिवंत राहतील. भाऊजींना विचारावं तर ते नजर देत नाहीत. आमच्या दोन खोल्यांत तिघांनी एकमेकांची नजर चुकवायची म्हणजे कसरतच. मी स्वयंपाकघरात गेले की ते बाहेर, ते आत आले की सासूबाई देवासमोर डोळे मिटून.

२६ मार्च

हे लिहू नये, पण कुणाशी बोलू?

गेज माझ्याकडे अडकलंय म्हणून इंजिनसाहेब स्वतः आले, टेबलावर काटा शून्यावर बघितला आणि त्यांना सगळं कळलं. शिकलेला माणूस आहे, वेळ लागला नाही. तासाभरात पान्याला धरून भांडारातल्या जाळीच्या खोलीत बंद केलं. शून्याबद्दलची त्याची बडबड सगळ्या छावणीनं ऐकलेली होती. वैमानिकाचा जीव गेलाय, त्यामुळे शिक्षा साधी असणार नाही.

मला वाटलं होतं, त्याला आत बघून समाधान होईल. दुपारी गेले. जाळीला धरून उभा होता, पोत्यांच्या धुळीनं पांढरा झालेला. मी म्हटलं, किती वेळा सांगितलं होतं तुला.

"बाई, मी बोललो असेन शंभरदा," तो म्हणाला. "पण तुमच्या गेजाला हात लावायची माझी छाती नाही. तुम्ही हात तोडाल."

मग नियामक कमी का केलास, विचारलं. म्हणाला, सांगितलं म्हणून केला. काटा चौदापर्यंत जातोय, इंजिन फुटेल, बारावर आणून ठेव, असं वैमानिकानं स्वतः सांगितलं. त्यानं इंजिन चालवून बघितलं, खरंच चौदा दिसले, म्हणून आवळून बारावर आणलं. त्याचं काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. मी तिथून निघाले. स्टुलावर बसून मन लावून ऐकणारा विद्यार्थी डोळ्यांसमोरून हलेना.

भाऊजी धावपट्टीच्या कडेला वाळूची पोती भरत होते. चौकशी होईपर्यंत हेच काम दिलंय. मी जवळ जाऊन फक्त एवढंच म्हटलं की पान्याला आत टाकलंय.

ते फावडं टेकवून उभे राहिले. "स्क्रू मी फिरवला, वहिनी."

मी म्हटलं, का? खरं तर माहीत होतं.

मग त्यांनी सांगितलं. दादा गेल्यापासून दर वेळी वर जाताना हात थरथरायचा. लिव्हर मागे ओढावीशी वाटायची. ती स्वतः मागे ओढली तर आपण भित्रे, हे त्यांना सहन होणार नव्हतं. म्हणून असं काहीतरी हवं होतं की हात पूर्ण पुढे राहील आणि विमान मात्र थोडं मागे. सगळे वर भिडल्यावर मिनिटभरानं पोहोचायचं. आई एकटी आहे, असं स्वतःला सांगायचे. "हात कधीच आखडला नाही, वहिनी. दोन पौंडांनी आखडला. आणि त्या दोन पौंडांत बुवा गेले."

मला त्यांची कीव आली आणि किळसही आली, दोन्ही एकाच वेळी. तेही लिहून ठेवते. बुवांची बायको सकाळी नळावर माझ्या पुढे उभी होती. तिनं माझी बादली उचलून दिली होती.

ते म्हणाले, मी साहेबांना सांगतो. मी म्हटलं, सांगून काय होईल ते ठाऊक आहे ना? युद्धात विमान बिघडवणाऱ्याला पोती भरायला लावत नाहीत, भिंतीशी उभं करतात. मग तुमच्या आईला मी काय सांगू? त्यांनी फावडं उचललं आणि पुढचं पोतं भरायला घेतलं.

२७ मार्च

चौकशीत मी खोटं बोलले. इतकं सफाईनं बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

कोणी स्क्रू फिरवलेला नाही, असं सांगितलं. गेजाच्या आत पत्र्याची एक निर्वात डबी असते, ती हवेच्या दाबानं फुगते-आक्रसते आणि काटा हलवते. धक्क्यांनी ती डबी सैल पडली आणि काटा आपोआप सरकला, असं म्हटलं. कागदावर सही केली. साहेबांनी बराच वेळ माझ्याकडे बघितलं. या छावणीत गेज जाणणारी दुसरी कोणी नाही, हे त्यांनाही माहीत आणि मलाही.

पाना सुटला. बाहेर आल्यावर माझे पाय धरायला लागला. मी पाय मागे घेतले.

भाऊजीही सुटले. 'निर्दोष, तात्काळ उड्डाणावर रुजू.' मी दोघांना वाचवायचं ठरवलं होतं आणि वाचवलं. आता विचार करते तर एकाला पिंजऱ्यातून काढलं आणि दुसऱ्याला आत ढकललं. घरी सासूबाईंनी मला जेवायला वाढलं, पण पाणी स्वतः घे म्हणाल्या.

३० मार्च

गेज नीट करून विमानात परत बसवायचं होतं. निघताना सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. माझा हात धरला. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझा हात असा धरलेला मला आठवत नाही.

"एवढं शिकलीस," त्या म्हणाल्या. "थोडंसं चुकव."

खोलीत आले. काटा उणे दोनवर आणला. मग स्क्रू हळूच उलटा फिरवला आणि उणे एकवर सोडला. एक पौंड. कोणाला कळणार आहे? फार मागे राहणार नाहीत, फार पुढेही जाणार नाहीत. पान्यानं त्याच काट्याकडे बघून नियामक बारावर लावला. मी शेजारी उभी राहून मान डोलावली. घड्याळाच्या दुकानात वाढलेली मी. चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ भिंतीवर दिसलं तरी माझं डोकं फिरतं. आज मीच ते लावून आले.

बुवांच्या जागी आता एक नवा मुलगा पुढे उडेल. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नाही. मुद्दाम विचारलं नाही.

१ एप्रिल

भाऊजी दुपारी माझ्या खोलीत आले. या वेळी स्टुलावर बसले नाहीत.

"वहिनी, शेजारच्या विमानात काटा उणे दोनवर आहे. माझ्या विमानात उणे एकवर."

मी म्हटलं, डबी नवी आहे, बसायला वेळ लागेल. माझं खोटं मलाच पोरकट वाटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, आईनं सांगितलं का? मी होकारार्थी मान डोलावली. मग म्हटलं, नाही, माझंही तेच मन होतं. तुम्ही गेलात तर या दोन खोल्यांत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत कशा जगणार? एकदा जगून बघितलंय. आणखी एकदा होणार नाही माझ्यानं. बोलता बोलता आवाज चढला. बाहेरच्या पहारेकऱ्यानं आत डोकावून बघितलं.

ते पहारेकरी जाईपर्यंत थांबले. "तो पोरगा माझ्या भरवशावर पुढे जाणार आहे. भीती आहे तशीच आहे. पण ती माझ्या हातात असू दे, गेजात नको. चला, नीट लावून द्या."

विमानापाशी गेलो. ते आत बसले, मी पंखावर चढून वाकले. जागा इतकी अरुंद की माझं डोकं त्यांच्या खांद्याला लागत होतं. त्यांनी बॅटरी धरली. उजेड हलत होता, म्हणून त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट पकडलं. मी स्क्रू फिरवला. काटा उणे दोनवर आला. मी म्हटलं, झालं. ते म्हणाले, पुन्हा एकदा बघा. पुन्हा बघितलं. मग पान्याला हाक मारून नियामक खऱ्या बारावर लावून घेतला.

सासूबाईंनी संध्याकाळी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत गेल्या.

२ एप्रिल

विमानं अजून परतलेली नाहीत. काम सुचत नाही, म्हणून लिहीत बसले आहे.

सकाळी भोंगा झाला तेव्हा भाऊजी चहा पीत होते. कप अर्धाच ठेवून निघाले. सासूबाईंनी बूट पुढे केले, नाड्या भाऊजींनी स्वतःच बांधल्या. आईच्या पाया पडले, माझ्याकडे बघून "येतो वहिनी" म्हणाले आणि पळाले. नेहमी म्हणतात तसंच म्हणाले.

मी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिले. इंजिनं पूर्ण दाबावर गेली आणि टेबलावरचे स्क्रू थरथरायला लागले. विमानं कुंपणावरून उचलली, वळली आणि चढत चढत ढगाच्या कडेला बारीक होत गेली. माझी नजर तिथपर्यंत पोहोचेना. दारावरच्या पहारेकऱ्यानं दुर्बीण लावली होती. मी त्याला काही विचारलं नव्हतं.

"बाई, तुमचे भाऊजी आज सगळ्यांच्या आधी वर पोहोचले," तो म्हणाला. दुर्बीण खाली घेऊन तो हसत माझ्याकडे बघत राहिला, मला आनंद होईल म्हणून. मी म्हटलं, छान झालं.